पक्कं येतंय असं वाटणं आणि पक्कं येणं

स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना पॉलिटी (राज्यव्यवस्था) आणि इकॉनॉमी (अर्थव्यवस्था) शिकवते मी, पुण्यात, आणि एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी अर्धं बोललं तरी पुढचं मला पाठ असतं. "मॅडम, हे वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही." हे सांगताना मुलांचा सगळा राग स्वतःच्या स्मरणशक्तीवर असतो, माझी मेमरी वीक आहे, माझ्या लक्षात राहत नाही, काहीतरी उपाय सांगा. आणि इतकी वर्षं पेपर तपासून, मुलांबरोबर बसून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा मेमरीचा काही दोष नसतो. ती गोष्ट डोक्यात नीट बसलेलीच नव्हती आणि बसलेली नाहीये हे वाचताना कळलं नाही, एवढंच झालेलं असतं. आणि हे न कळणं फार महाग पडतं, कारण आज काय वाचायचं, काय सोडायचं, कुठला टॉपिक "झाला" म्हणून बाजूला ठेवायचा हे सगळे निर्णय आपण त्याच अंदाजावर घेतो. अंदाज चुकला की दिवसाला बारा तास बसूनही अभ्यास भलत्याच जागी होत राहतो.

मानसशास्त्रात याला मेटाकॉग्निशन म्हणतात, स्वतःच्या शिकण्यावर स्वतःच लक्ष ठेवणं. जॉन फ्लॅवेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हा शब्द रुळवला आणि तेव्हापासून यावर ढिगानं संशोधन झालंय, पण आपल्याकडे अभ्यासिकेत बसलेल्या पोरापर्यंत त्यातलं जवळपास काहीच पोचलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी एक उदाहरण घेऊ, अगदी जवळून. धन विधेयक, म्हणजे आपलं मनी बिल, फक्त कर, सरकारी खर्च, कर्ज अशा पैशाच्याच बाबींचं विधेयक. पॉलिटी ज्यानं उघडलीये त्याचा हा टॉपिक झालेला असतोच. समोर बसलेल्याला मी विचारते, येतं का? हो मॅडम, तीन रिव्हिजन झाल्यात. बरं, मग पुस्तक मिट आणि सांग. पहिली दोन-तीन वाक्यं धडाधड येतात, कलम ११०, फक्त लोकसभेतच मांडता येतं, राज्यसभेला १४ दिवस मिळतात, एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. छान. मग मी विचारते, १४ दिवसांत राज्यसभेनं काहीच केलं नाही तर काय होतं? इथे जरा गती कमी होते. राज्यसभेनं दुरुस्ती सुचवली तर लोकसभेला ती मान्य करावीच लागते का? राष्ट्रपती हे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात का? दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक होऊ शकते का? आणि मग सगळ्यात नाजूक जागा, धन विधेयक आणि वित्तीय विधेयक यात फरक काय, कलम ११७(१) खालचं विधेयक राज्यसभा फेटाळू शकते का?

इथे आल्यावर नजर वर छताकडे जाते. मी उत्तरं सांगते, की १४ दिवस उलटले की ते दोन्ही सभागृहांनी पास केलं असंच धरतात, राज्यसभेच्या शिफारशी लोकसभा घेईल किंवा सोडून देईल, राष्ट्रपती संमती देऊ शकतात किंवा रोखू शकतात पण परत पाठवू शकत नाहीत, संयुक्त बैठक नाही, आणि ११७(१) चं वित्तीय विधेयक मात्र मांडायचं लोकसभेतच, राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच, पण एकदा मांडलं की राज्यसभा ते बदलू शकते, फेटाळू शकते, तिथे संयुक्त बैठकही होऊ शकते. हे सगळं सांगून झालं की समोरून हमखास येतं, "अरे हो, हे माहीत होतं मला!"

या "माहीत होतं मला" पाशीच सगळा घोळ आहे. ते मूल खोटं बोलत नाहीये. उत्तर समोर आल्यावर ते ओळखीचं वाटलं, कारण ते पान खरंच तीनदा डोळ्याखालून गेलंय. चेहरा ओळखीचा वाटणं आणि नाव सांगता येणं यात जेवढं अंतर आहे ना, तेवढंच अंतर इथे आहे, आणि मेंदू आपल्याला आतून फक्त "ओळखीचं आहे" एवढाच सिग्नल देतो. त्याचा अर्थ आपण "येतं" असा लावून मोकळे होतो.

२००२ मध्ये येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी यावरच एक सुंदर काम केलं. लोकांना विचारलं की चेन, म्हणजे पॅन्टची वगैरे चेन असते ती, कशी काम करते हे तुम्हाला किती कळतं, फ्लश कसा चालतो, कुलूप कसं उघडतं, आकडा द्या. लोकांनी बऱ्यापैकी वरचे आकडे दिले. मग सांगितलं की आता टप्प्याटप्प्यानं लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर गाडी अडली आणि त्यानंतर परत स्वतःला आकडा द्यायला सांगितल्यावर लोकांनी स्वतःहूनच तो खाली आणला. मधल्या काळात कुणी त्यांना चूक दाखवली नव्हती, कुणी रागावलं नव्हतं, फक्त लिहायला लावलं होतं. मला यातली हीच गोष्ट फार आवडते, की स्वतःला काय येत नाही हे कळायला दुसरा माणूस लागलाच नाही, एक कोरा कागद पुरला.

आता वाचण्याबद्दल. परत परत वाचणं ही आपल्याकडची मुख्य पद्धत आहे आणि फक्त आपल्याकडचीच नाही, अमेरिकेत २००९ मध्ये १७७ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुम्ही अभ्यास कसा करता, त्यात साधारण ८४ टक्के म्हणाले नोट्स किंवा पुस्तक परत वाचतो आणि स्वतःहून आठवून बघतो असं सांगणारे होते जेमतेम ११ टक्के. म्हणजे तिकडचा कॅम्पस काय आणि आपली अभ्यासिकांनी भरलेली सदाशिव पेठ काय, चित्र सारखंच.

परत वाचण्यात वाईट काय आहे तर दुसऱ्यांदा वाचताना पान सोपं जातं. तिसऱ्यांदा अजून सोपं, आणि त्यात हायलायटर फिरवलेला असेल तर डोळा रंगावरून रंगावर घसरत जातो, वीस पानं अर्ध्या तासात होतात आणि आतून एकदम छान वाटतं, स्पीड आलाय, टॉपिक पक्का झालाय. स्पीड खरंच आलेला असतो हो, पण तो वाचण्याचा. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग याबाबत इतका स्पष्ट आहे की मी दर बॅचला फळ्यावर त्याचे आकडे लिहितेच. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं तीन वेळा वाचून एकदा न बघता आठवून लिहिला. तिसऱ्या गटानं फक्त एकदा वाचला आणि तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चार वेळा वाचणारे पुढे, ८३ टक्के, आणि एकदाच वाचणारे मागे, ७१ टक्के. बास, इथे थांबलं तर आपली नेहमीची समजूत बरोबर. पण आठवड्यानं परत घेतली तेव्हा चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, तीन वाचन एक आठवण वाल्यांना ५६ आणि एकदाच वाचून तीनदा आठवणाऱ्यांना ६१.

पण मला या प्रयोगातला अजून एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो सहसा कुणी सांगत नाही. मुलांना आधीच विचारलं होतं की आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं वाटतं. आणि सगळ्यात जास्त आत्मविश्वास होता चार वेळा वाचणाऱ्यांना. म्हणजे जी पद्धत सगळ्यात कमी टिकली तीच करताना सगळ्यात जास्त "येतंय" वाटत होतं. आता सांगा, स्वतःच्या त्या आतल्या आवाजावर रिव्हिजनचं टाइमटेबल कसं लावायचं?

बरं ही जाण जन्मतः नसते, ती वाढते. फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये लहान मुलांना चित्रं दिली आणि सांगितलं, सगळी पाठ झाली असं वाटेल तेव्हा सांग. दुसरी-चौथीतली मुलं "झालं" म्हणाली की बहुतेक वेळा खरंच झालेलं असायचं. बालवाडीतली पोरं मात्र उत्साहानं "झालं!" म्हणायची आणि विचारलं की निम्मं गायब. आपण मोठे झालो म्हणजे या गोष्टीतून सुटलो असं वाटतं, आणि चार चित्रांच्या बाबतीत सुटलेलोही असतो, पण साहित्य बदललं, चित्रांच्या जागी राज्यघटना आणि रेपो रेट आणि महाराष्ट्राचा भूगोल आला की आपण परत तिथेच. माझ्याकडे इंजिनिअर येतात, डॉक्टर येतात, एमएससीला गोल्ड मेडल मिळवलेली मुलगी होती, हुशारीचा आणि या गोष्टीचा फार संबंध नाही. नवीन विषयात प्रत्येकाला हे नव्यानं करावं लागतं.

मग करायचं काय. सगळ्यात आधी वेळेची गंमत समजून घ्या. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट शिकल्या शिकल्या लगेच "हे मला नंतर आठवेल का" असं स्वतःला विचारलं तर अंदाज बराच चुकतो, पण तेच थोड्या वेळानं, मूळ उत्तर समोर नसताना विचारलं तर अंदाज कमालीचा अचूक येतो. कारण लगेच विचारता तेव्हा ते अजून डोक्यात वरच्यावर तरंगत असतं, त्यामुळे सगळंच येतंय असं वाटतं. थोडा वेळ गेला की मग खरोखर आत जाऊन शोधावं लागतं आणि सापडतं की नाही ते कळतं.

म्हणून मी मुलांना सांगते की धडा संपला की लगेच स्वतःला मार्क देऊ नका. चहाला जा, जेवून या, दुसरा विषय करा आणि मग कागद घेऊन बसा. आणि प्रश्न "येतं का?" असा विचारूच नका, त्याचं उत्तर मन नेहमी हो असंच देतं. "सांग" असं म्हणा स्वतःला. रोज रात्री मेसवरून परत येताना दोघं-तिघं मिळून एकमेकांना विचारत येणारी मुलं मी बघितलीयेत, त्यांचे पेपर बघताना ते जाणवतं, त्यांना आपली भोकं कुठे आहेत ते नावानिशी माहीत असतं. "माझं पंचायत राज ठीक आहे पण ७३ व्या घटनादुरुस्तीत कुठली तरतूद राज्यांना सक्तीची आणि कुठली ऐच्छिक तिथे मी गडबडतो" असं जो सांगतो ना, त्याची मला काळजी वाटत नाही. "माझी पॉलिटी कच्ची आहे" म्हणणाऱ्याची वाटते, आणि "पॉलिटी झाली" म्हणणाऱ्याची त्याहून जास्त.

सिलॅबसच्या प्रिंटआउटवर सगळेजण टिक करतात, वाचलं की टिक. ती टिक काहीच सांगत नाही. त्याऐवजी तिथे तारीख टाका, कुठली तारीख, तर पुस्तक न उघडता तो टॉपिक शेवटचा कधी सांगता आला ती. महिन्याभरानं तो कागद बघितला की कुठे जायचंय ते तोच सांगतो.

आता निगेटिव्ह मार्किंगकडे येते, कारण मला वाटतं की मेटाकॉग्निशनची इतकी रोखठोक परीक्षा दुसरीकडे कुठे होतच नसेल. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वला सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० मार्कांचा, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक चतुर्थांश भाग वजा, म्हणजे अर्धा मार्क. यूपीएससीला एक तृतीयांश, म्हणजे दोन मार्कांच्या प्रश्नाला ०.६६. म्हणजे आयोग तुम्हाला प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारतोय, उत्तर काय, आणि तुला ते खरंच येतंय का, आणि दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर त्याचेही पैसे कापतोय.

मी मुलांना मॉक, म्हणजे सराव पेपर, देताना एक गोष्ट सक्तीची केलीये. प्रश्नपत्रिकेवर (ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर नाही, तिथे असल्या काहीही खुणा करायच्या नाहीत) प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर ठरवतानाच एक अक्षर लिहायचं. "प" म्हणजे पक्कं, "दो" म्हणजे दोन पर्याय उडाले आणि दोनात अडकलो, "अं" म्हणजे निव्वळ अंदाज. आन्सर की बघण्याआधी हे लिहिलेलं असलंच पाहिजे, कारण नंतर लिहिलं की परत ते "माहीत होतं मला" सुरू होतं. मग तपासताना तिन्हीचा वेगळा हिशोब करायचा.

समजा एकानं ९० प्रश्न सोडवले, ५४ बरोबर, ३६ चूक. १०८ वजा १८, ९० मार्क. आता हा पेपर घेऊन कुणाकडेही गेलात तर सल्ला एकच मिळेल की बाबा तू फार रिस्क घेतोस, तुक्के कमी मार. पण अक्षरं बघा. "अं" वाले १५ प्रश्न, त्यातले ५ बरोबर १० चूक, म्हणजे १० वजा ५, उलट ५ मार्क मिळालेत. "दो" वाले ३०, त्यातले १८ बरोबर १२ चूक, ३६ वजा ६, म्हणजे ३० मार्क. आणि "प" वाले ४५, त्यातले ३१ बरोबर आणि १४ चूक. चौदा! ज्या प्रश्नांवर हा छातीठोकपणे सांगत होता त्यातले जवळजवळ एक तृतीयांश चुकलेत, आणि तिथे प्रत्येक चुकीमागे मिळणारे दोन गेले आणि वर अर्धा कापला, म्हणजे अडीच, चौदा चुकांचे ३५ मार्क. कटऑफ किती दशांशात सुटतो ते माहितीये ना सगळ्यांना. तुक्के थांबवून याचे पाच मार्क कमी झाले असते आणि खरं गळतंय तिथे कुणी बघितलंही नसतं.

(तुक्क्यांबद्दल एक हिशोब सांगून ठेवते. चार पर्याय आणि चतुर्थांश वजावट असेल तर डोळे झाकून मारलेला तुक्कासुद्धा सरासरीनं किंचित फायद्यातच असतो, एका प्रश्नामागे मार्काचा आठवा भाग. एक तृतीयांश वजावटीत तो बरोबर शून्यावर येतो. एक जरी पर्याय खात्रीनं उडवता आला तर दोन्हीकडे फायदा. फक्त "खात्रीनं" हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि ती खात्री किती खरी असते हेच तर आपण मोजतोय.)

"प" मध्ये चुकलेले हे प्रश्न मुलं कशात टाकतात माहितीये? सिली मिस्टेक. जवळपास प्रत्येकजण. "हे येत होतं मॅडम, सिली मिस्टेक झाली." आणि एकदा सिली म्हटलं की त्या प्रश्नाचा अभ्यास होत नाही, कारण येतच होतं ना! माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की हा शब्द वर्षभरासाठी बाजूला ठेवा. बबल चुकीचा भरला, "अयोग्य विधान ओळखा" मधला "अ" वाचलाच नाही, या चुका वेगळ्या, त्या वेगळ्या लिहा. पण "राज्यपालांना वटहुकूम काढायला कलम १२३" असं पक्कं म्हणून मारलं असेल तर ती सिली मिस्टेक नाही, १२३ राष्ट्रपतींचं आहे आणि राज्यपालांचं २१३, आणि तुमच्या डोक्यात हे दोन एकमेकांत मिसळलेत. ते मिसळलेलं तसंच राहिलं तर पुढच्या पेपरात परत तेच होणार.

याबाबतीत एक दिलासा देणारी गोष्ट आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की खूप आत्मविश्वासानं केलेली चूक, तिचं बरोबर उत्तर लगेच सांगितलं तर, अंदाजानं केलेल्या चुकीपेक्षा जास्त चांगली दुरुस्त होते. ऐकायला उलटं वाटतं, पण स्वतः अनुभवून बघा, ठाम सांगितलेलं चुकलं की आपण दचकतो, "काय?? हे कसं काय?" आणि त्या दचकण्यानं लक्ष तिथे खेचलं जातं. म्हणून पेपर झाल्यावर सगळ्या चुका एकसारख्या वाचत बसू नका, "प" च्या चुकांपासून सुरुवात करा, तिथे कमी वेळात सगळ्यात जास्त हाती लागतं. पण त्यात एक मेख आहे. नंतरच्या संशोधनात, २०११ मध्ये, असंही दिसलं की हीच ठाम चूक आठवडाभरानं परत डोकं वर काढू शकते, जर बरोबर उत्तर तोपर्यंत विसरलं गेलं असेल तर. जुनं उत्तर आत खोलवर बसलेलं असतं ना. म्हणून "प" च्या चुकांची एक वेगळी वही करायची आणि आठवड्यानं परत स्वतःला तोच प्रश्न विचारायचा, नुसतं वाचायचं नाही, विचारायचं.

आता जरा आमच्याबद्दल, म्हणजे शिकवणाऱ्यांबद्दल. सध्या निम्मा अभ्यास मोबाईलवर होतो, लेक्चर दीडपट-दुप्पट स्पीडला लावायचं, सर छान शिकवतात, फळ्यावर रंगीत खडू, मध्येच किस्से, आणि दोन तासांनी वाटतं की सगळी चलनवाढ आरपार दिसायला लागली. कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग केला, कॅलिको मांजरी, म्हणजे त्या तीन रंगांच्या, जवळपास सगळ्या माद्याच का असतात हे समजावणारा जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ. एकात शिकवणारी व्यक्ती ताठ उभी, नजर देऊन, न अडखळता बोलते. दुसऱ्यात तीच व्यक्ती खाली बघून कागदावरून अडखळत वाचते. मजकूर तोच. पहिला व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटलं की आपण बरंच जास्त शिकलो. प्रत्यक्ष चाचणीत दोघांना सारखंच आठवलं. मी हे वाचलं तेव्हापासून लेक्चरच्या शेवटी "समजलं का?" विचारणं सोडून दिलंय, त्याला काही अर्थ नाही, चांगलं बोललं गेलं की माना डोलतातच. त्याऐवजी शेवटची दहा मिनिटं सगळ्यांच्या वह्या बंद, कोऱ्या कागदावर आजचं लिहा, कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. खूप कमी लिहिता येतं आणि ते बघून त्रास होतो, मला त्यांचे चेहरे दिसतात.

तो त्रास मी हलका समजत नाही. ही मुलं कुठून कुठून येतात, घरी शेती, वडिलांनी उसनवारी करून पाठवलेलं, कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत फक्त एक कॉट भाड्यानं घेऊन राहायचं, दर रविवारी फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" आणि त्याला उत्तर द्यायचं असतं "चांगला चाललाय". त्या उत्तराला आधार काय, तर आज किती तास बसलो आणि किती पानं झाली. अशा माणसाला मी सांगतेय की पुस्तक मिट आणि बघ काय येत नाही ते. संध्याकाळी थकलेलं असताना परत वाचणं सुखाचं असतं, त्यात कुणी नापास करत नाही. आठवून लिहिताना दर पाच मिनिटांनी कुठेतरी अडायला होतं. म्हणून जे मूल असं अडूनही रोज बसतं त्याला मी मनापासून मानते, निकाल काहीही लागो. आणि आता तर राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, तिथे चार पर्याय बघून ओळखण्याची सोयच नाही, कोऱ्या पानावर शून्यातून लिहायचंय, मग त्या अडण्याची सवय आत्ताच झालेली बरी.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण "स्वतःबद्दलचा अंदाज चुकतो" म्हटलं की सगळ्यांना फक्त जास्त आत्मविश्वासच आठवतो. माझ्याकडे एक मुलगी होती, मराठवाड्यातल्या लहान गावातून आलेली, घरात पहिली पदवीधर. मॉकमध्ये ती साठ-पासष्टच्या वर प्रश्नच सोडवायची नाही. सोडवलेले बहुतेक बरोबर असायचे, पण मार्क कटऑफच्या खाली. तिला सगळे सांगायचे की अजून वाच, आणि ती बिचारी अजून वाचायची. मी तिला म्हटलं की जे प्रश्न सोडतेस त्यांच्यासमोरही प्रश्नपत्रिकेवर, "सोडवायचाच असता तर काय मारलं असतं" ते लिही. पेपर झाल्यावर आम्ही ते तपासले. निम्म्याच्या वर बरोबर निघाले. तिनं आन्सर की दोनदा लावून बघितली, तिचा विश्वासच बसेना, आणि मग म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं पक्कं म्हणजे शंभर टक्के पाहिजे."

शंभर टक्के कुणालाच नसतं. तिचं "दोनात अडकले" हे दुसऱ्या एखाद्याच्या "पक्कं" इतकं खात्रीचं होतं, हे तिला कुणी कधी मोजून दाखवलंच नव्हतं. पुढे तिनं स्वतःचा नियम केला, दोन पर्याय उडाले की उत्तर द्यायचंच, आणि दर पेपरनंतर "दो" च्या रकान्यात किती बरोबर आले ते वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. वाचनाचे तास तिनं वाढवले नाहीत, उलट थोडे कमीच केले आणि तो वेळ भूगोलाच्या नकाशांना दिला, कारण तिच्या "प" च्या मोजक्या चुका होत्या त्या सगळ्या नद्या आणि घाटांच्या क्रमात निघाल्या होत्या.